विसंगत माहिती आणि मर्यादित गणन

एका नोंदीत 'सुमनबाई हयात आहेत' असे आहे, दुसरीत 'सुमनबाई हयात नाहीत' असे. संगणकाने काय अनुमान काढावे? सुमनबाईंचे निवृत्तिवेतन या उत्तरावर अवलंबून आहे.

अभिजात तर्कशास्त्राचे उत्तर तुम्हांला चमत्कारिक वाटेल. पहिले विधान सत्य धरले, की 'सुमनबाई हयात आहेत किंवा चंद्र चौकोनी आहे' हेही सत्य ठरते. दुसऱ्या विधानाने यातील पहिला पर्याय बाद होतो आणि चंद्र चौकोनी ठरतो! एका विसंगतीतून वाटेल ते सिद्ध होते.

मग विसंगती आधीच शोधावी, असे तुम्ही म्हणाल. परंतु 30 मूलविधानांच्या सत्यासत्यतेच्या जोडण्या 107 कोटींहून अधिक होतात. प्रत्येक नवे मूलविधान ही संख्या दुप्पट करते. सर्व प्रसंगी लवकर उत्तर देणारी रीत आजवर सापडलेली नाही.

नुएल बेलनॅप यांनी 1977 साली चार मूल्ये मांडली: केवळ 'सत्य' असे कळले, केवळ 'असत्य' असे कळले, दोन्ही कळले, काहीच कळले नाही. ही मूल्ये वस्तुस्थितीची नव्हेत, मिळालेल्या माहितीची आहेत, हे ध्यानात घ्या. सुमनबाईंविषयीच्या विधानाला 'दोन्ही' हे मूल्य मिळते आणि विसंगती तेथेच थांबते. निवृत्तिवेतनाचा निर्णय अर्थातच होत नाही. त्यासाठी कोणाला तरी त्यांच्या घरी जावे लागेल. शिवाय 'अ किंवा ब, अ नाही, म्हणून ब' हे आपले नित्याचे अनुमान येथे वैध राहत नाही. ही किंमत मोठी आहे. पण तिच्या बदल्यात, विधाने ठराविक साच्यात मांडलेली असल्यास, अनुमान तपासण्याचे काम झपाट्याने होते. हेक्टर लेव्हेक यांनी 1984 साली याच गोष्टीचा उपयोग करून घेतला.