आर्टिकलशिप: मोठी फर्म की सरांचं छोटं ऑफिस?

१ जुलै २०२३ पासून सीएच्या विद्यार्थ्यांची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. अनेकांना हायसं वाटलं. पण त्यामुळे एक जुना प्रश्न जास्त अवघड झाला: इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर नामांकित मोठ्या फर्ममध्ये जायचं, की गावातल्या सीए सरांच्या चार-पाच टेबलांच्या ऑफिसात? पूर्वी पहिलं वर्ष चाचपडण्यात गेलं तरी हाताशी दोन वर्षं उरायची. आता एकच उरतं.

मोठ्या फर्म म्हटलं की डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही नावं आधी ओठांवर येतात. तिथलं ऑडिट बहुधा शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा बहुराष्ट्रीय कंपन्यांचं असतं आणि काम वाटून दिलेलं असतं. एकाकडे विक्री, दुसऱ्याकडे पगार, तिसऱ्याकडे साठा. विक्री ज्याच्या वाट्याला येते, तो हजारो बिलांतून काही बिलं निवडतो आणि प्रत्येकाला पर्चेस ऑर्डर नि डिलिव्हरी चलन जुळतं का ते पाहतो. बिल ३१ मार्चचं, पण माल ग्राहकाकडे २ एप्रिलला पोचला असेल, तर ही विक्री कोणत्या वर्षाची? त्यासाठी करारातली अट वाचावी लागते, निष्कर्ष कारणासह लिहावा लागतो आणि सीनियरच्या शंकांना उत्तरं द्यावी लागतात. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपन्यांना लागू झालेली ‘इंड एएस’ ही हिशेबमानकं इथे रोजच्या वापरात शिकायला मिळतात. छोट्या ऑफिसात ती बहुतेकदा पुस्तकातच राहतात.

छोट्या ऑफिसचं कॅलेंडर वेगळं असतं. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची घाई. एकाच आठवड्यात किराणा व्यापाऱ्याचं रिटर्न, पतसंस्थेचं ऑडिट आणि आयकर खात्याच्या नोटिशीला उत्तर, असं सगळं एकाच आर्टिकलच्या हातून जातं. क्लायंट समोर बसलेला असतो, त्यामुळे ‘हे रोखीने का दिलंत?’ हा प्रश्न त्यालाच विचारता येतो.

एप्रिलमधलं बँकेच्या शाखेचं ऑडिट तर मोठीच शाळा. कॅश क्रेडिट खात्याची फाइल उघडायची आणि कर्जदाराने दिलेलं स्टॉक स्टेटमेंट किती जुनं आहे ते पाहायचं. ते तीन महिन्यांहून जुनं असेल, तर त्यावर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या, म्हणजे कर्ज उचलण्याच्या मर्यादेच्या, आधारे दिलेलं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अनियमित ठरतं. ही अनियमितता ९० दिवस टिकली तर खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, आणि त्यासाठी नफ्यातून तरतूद. एका कागदावरची तारीख शाखेच्या नफ्यापर्यंत कशी पोचते, हे विशीतल्या मुलीला तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दोन्हीकडे खाचखळगे आहेत. काही छोट्या ऑफिसांत आर्टिकलची दोन वर्षं टॅलीत नोंदी करण्यात आणि कागद पोचवण्यात संपतात. मोठ्या फर्ममध्ये दोन वर्षं एकाच प्रकारचं काम करून बाहेर पडलेल्याला साधं आयकर रिटर्न भरताना अडखळायला होऊ शकतं. ताण हाही गंभीर मुद्दा आहे. २०२४ मध्ये पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण सीएच्या मृत्यूनंतर या क्षेत्रातल्या कामाच्या तासांची देशभर चर्चा झाली.

पुढे स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल, तर छोट्या ऑफिसातला सर्वांगीण अनुभव थेट कामी येतो. मोठ्या कंपनीच्या वित्त विभागात जायचं असेल, तर मोठ्या फर्मचं नाव मुलाखतीचं दार लवकर उघडतं. मात्र फर्मच्या आकारापेक्षाही महत्त्वाचं असतं, ते केलेलं काम कोण तपासतं. चूक दाखवून तिचं कारण समजावणारा सीनियर किंवा सर जिथे आहेत, तिथे शिक्षण होतं.

म्हणून मुलाखतीत विद्यार्थ्यानेही प्रश्न विचारावेत. पहिल्या सहा महिन्यांत कोणतं काम मिळेल? ते कोण तपासेल? विभाग बदलून मिळतो का? मग त्याच ऑफिसातल्या, आर्टिकलशिप संपत आलेल्या मुलांना गाठून हेच पुन्हा विचारावं. गेल्या महिन्यात त्यांनी नेमकं काय काम केलं, हेही विचारावं. एकदा नोंदणी झाली की मध्येच फर्म बदलणं सोपं नसतं. त्यामुळे ही चौकशी सही करण्याआधीच झालेली बरी.