आजीचा बुचांचा डबा

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी आजीच्या फडताळात एक डबा असायचा, नुसत्या बुचांचा. दवाखान्यातून लाल मिक्श्चरची बाटली यायची. तिच्या अंगावर मात्रेच्या खुणा कापलेली कागदी पट्टी, तोंडाला बूच. औषध संपलं की बाटली मातीच्या तेलाला लागायची. बाटली फुटली, तरी बूच डब्यात जायचं. मग त्यातलं एक कात्रीच्या टोकावर बसे, एकात सुया टोचलेल्या असत, एकाची चकती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जाई. शाळेच्या नाटकात आम्हा मावळ्यांना मिशा फुटल्या, त्याही जळक्या बुचानं.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की बूच वाळून आक्रसायचं. आजी त्याला चिंधी गुंडाळून बसवायची. फारच कडक झालं, तर आधी कोमट पाण्यात भिजवायची.

बूच म्हणजे लाकूड नव्हे, साल. पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकची. झाड २५ वर्षांचं झालं की ती पहिल्यांदा सोलतात, पुढे साधारण दर ९ वर्षांनी. झाड उभंच राहतं. बाटलीच्या बुचाजोगी साल मात्र तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाडानं चाळिशी ओलांडल्यावर मिळते. तिच्या १ घन सेंटिमीटरात सुमारे ४ कोटी पेशी, सगळ्या हवेनं भरलेल्या. म्हणून बूच दाबलं की दबतं आणि बाटलीच्या गळ्यात पुन्हा फुलून बसतं. रॉबर्ट हूकनं १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्याच कापातल्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातला हा शब्द बुचातून आला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सीमापार जाणाऱ्या चेंडूच्या पोटातही बूचच असतं.

आपल्याकडचं बुचाचं झाड वेगळं, ब्रह्मदेशाच्या बाजूचं. त्याच्या सालीचं हलक्या प्रतीचं बूच करत, म्हणून हे नाव. पावसाळा सरला की ते रात्री फुलतं आणि पहाटे खाली पांढरा सडा पडतो. फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून सुई-दोऱ्याशिवाय वेणी होते. आजीनंच ती शिकवली. रस्त्याकडेचं असं झाड तोडलेलं दिसलं की जीव तुटतो.

डबा आता माझ्याकडे आहे. त्यातल्या एका बुचाला आजीनं गुंडाळलेली निळी चिंधी अजून तशीच आहे.