अर्धं शरीर आईपाशी

भाद्रपदात गल्लीबोळांतून कुत्र्यांची पळापळ आणि भांडणं सुरू झाली, की पुढे काय होणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कुत्रीचे दिवस साधारण ६३. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, पहाटेचा गारवा अंगाला लागू लागतो तेव्हा, एखाद्या जिन्याखाली, बंद टपरीच्या फळ्यांआड किंवा बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात ती चार-सहा पिल्लं घालते. थंडीच्या तोंडावर जन्माला येणारा हा जीव मोठा विलक्षण असतो. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, उभं राहता येत नाही, एवढं तर पाहताक्षणी कळतं. पण त्याला कुडकुडतादेखील येत नाही, आपली आपण शू करता येत नाही, आणि रोगाशी झुंजायची जवळजवळ काहीच तयारी त्याच्यापाशी नसते. शरीराची म्हणून जी कामं आपण गृहीत धरतो, त्यातली कितीतरी या पिल्लाच्या शरीरात अजून सुरूच झालेली नसतात. ती सगळी आई करत असते. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लू आणि आई मिळून एक पुरतं जनावर होतं, असंच म्हणायला हवं.

सगळ्यात आधी ऊब. मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं मात्र ३५-३६ अंशांच्या आसपास. देह लहान, चरबी नावालाच, आणि जन्मतःच अंग ओलं. थंडी वाजली की आपले स्नायू थरथरतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. पिल्लाला पहिले सहाएक दिवस हे जमत नाही. त्यामुळे त्याच्याभोवतीची जागाच २९ ते ३२ अंश गरम असावी लागते. नोव्हेंबरच्या रात्री नाशिक-पुण्याकडे एवढी ऊब मिळणार कुठे? आईच्या पोटाशी, आणि भावंडांच्या ढिगात. हा ढीग सतत हलत असतो. कडेला पडलेलं पिल्लू खुरडत मधे घुसतं, मधलं बाहेर ढकललं जातं, ते पुन्हा आत शिरतं. थंडी वाढली की ढीग घट्ट होतो, ऊन चढलं की पिल्लं सुटी-सुटी पसरतात. ती सुटी पसरून शांत झोपली असतील तर ऊब पुरेशी आहे, हे नुसतं बघून ओळखता येतं.

पण डोळे मिटलेले, कान बंद, मग आई कुठे आहे हे कळतं कसं? ते डोकं डावी-उजवीकडे हलवत, पोटावर सरकत, गोल गोल फिरत शोध घेतं, आणि ऊब लागली की थांबतं. कुत्र्याच्या नाकाच्या ओल्या शेंड्याबद्दल २०२० साली एक सुंदर गोष्ट उजेडात आली. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या आणि बुडापेस्टच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की कुत्र्यांना दीड मीटरहून लांब असलेल्या वस्तूची मंद ऊब स्पर्श न करता नाकाने जाणवते. प्रयोग मोठ्या कुत्र्यांवर झाला होता, पण मिटल्या डोळ्यांनी उबेकडे सरकणारं पिल्लू पाहिलं की त्याची आठवण होतेच.

नाक जन्मापासूनच कामाला लागलेलं असतं. खरं तर जन्माच्याही आधीपासून. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स आणि पीटर हेपर यांनी गाभण कुत्रींच्या खाण्यात विलायती बडीशेप मिसळली. एक दिवसाच्या पिल्लांपुढे तो वास धरला, तर ती त्याच्याकडे वळली. ज्यांच्या आईने बडीशेप खाल्ली नव्हती, ती वळली नाहीत. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. आई काय खाते याची ओळख गर्भातच होते! हेपर यांनी त्याआधी, १९९४ साली, आणखी एक गोष्ट दाखवली होती: लहानपणी ताटातूट झाल्यावर दोन वर्षांनीही आई आणि पिल्लू नुसत्या वासावरून एकमेकांना ओळखतात.

आता शी-शूकडे येऊ. पोटाखालचा भाग आईने जिभेने चाटला, की त्या स्पर्शाने पिल्लाला शू आणि शी होते. तिने चाटलं नाही तर मूत्राशय फुगत जातं आणि पिल्लू दगावू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी हे काम त्याच्या स्वाधीन होतं. आई हे सगळं गिळून टाकते. आपल्याला किळस येईल, पण ते किती शहाणपणाचं आहे बघा. बीळ कोरडं राहतं, वास पसरत नाही, आणि दुधातून दिलेलं पाणी बरंचसं तिच्या अंगात परत येऊन पुन्हा दूध व्हायला मोकळं होतं. तीच जीभ जन्मल्या क्षणी पिल्लाच्या तोंडावरचं आवरण फाडते, खरखरीत चाटून त्याला पहिला श्वास घ्यायला लावते आणि ओलं अंग कोरडं करून त्याला गारठ्यापासून वाचवते.

मग चीक. खरवसामुळे आपल्याकडे चीक घरोघरी माहीत आहे, पण पिल्लासाठी तो काय असतो याची कल्पना सहसा नसते. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारक प्रथिनं वारेतून, गर्भातच भरपूर मिळतात. कुत्रीची वार वेगळ्या घडणीची. तिच्यातून जेमतेम ५ ते १० टक्केच पोचतात. बाकी सगळी चिकातून. आणि त्यासाठी मिळणारा वेळ अगदी थोडका. नवजात पिल्लाचं आतडं ही मोठाली प्रथिनं न पचवता जशीच्या तशी रक्तात शिरू देतं, पण हे दार तासागणिक बंद होत जातं आणि २४ तासांच्या सुमारास मिटतं. त्या एका दिवसात पोटभर चीक प्यायलेलं पिल्लू पुढचे कित्येक आठवडे आईच्या प्रतिकारशक्तीवर जगतं. म्हणून व्यायलेल्या कुत्रीजवळून पहिल्या दिवशी पिल्लं हलवणं, मग ते कितीही मायेने केलेलं असो, त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

इथे गायीच्या दुधाबद्दल बोलायलाच हवं, कारण पोरकं पिल्लू दिसलं की पहिली धाव वाटीभर दुधाकडे असते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गायीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुग्धशर्करा कमी. गायीचं दूध पिल्लाला पातळ पडतं, वर जुलाब होतात, आणि एवढ्याशा देहातलं पाणी जुलाबातून गेलं की फार वेळ हातात राहत नाही. पिल्लांसाठीची तयार दूधपावडर जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते, तीच द्यावी. पण त्याच्याही आधी ऊब! गारठलेल्या पिल्लाचं आतडं थंडावलेलं असतं; त्या अवस्थेत पोटात गेलेलं दूध पचत नाही. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी, नको असेल तेव्हा दूर सरकायला जागा ठेवावी, आणि अंग गरम झाल्यावरच पाजावं, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी. पाजताना पिल्लू पोटावर असावं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलके पुसावं, म्हणजे आईच्या जिभेचं काम होतं. आणि रोज एकाच वेळी वजन करावं. धडधाकट पिल्लाचं वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. एक दिवस जरी ते घटलं, तरी डॉक्टरांना दाखवावं.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे किलकिले होतात, निळसर आणि धूसर. त्यानंतर थोड्याच दिवसांत कानांच्या नळ्या उघडतात. तोवर पिल्लू केकाटत असतं, पण ते केकाटणं त्याला स्वतःला ऐकू येत नसतं; ते असतं फक्त आईसाठी. तिसऱ्या आठवड्यात ते डुलत डुलत चालू लागतं, दुधाचे दात हिरड्यांतून टोचू लागतात (सगळे मिळून २८) आणि भावंडांशी पहिली लुटुपुटीची मारामारी होते. जन्मापासून दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत घालवलेला, झोपेतही सतत फुरफुरणारा आणि पाय झटकणारा हा जीव या आठवड्यात जागा होतो. दातांमुळे आईचा धीरही सुटू लागतो. आता पिल्लं तिचं तोंड चाटतात आणि ती अर्धवट पचलेलं अन्न ओकून त्यांच्यापुढे टाकते.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा या काळातला संसार कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यांवर उभं राहून वर्षानुवर्षं टिपला आहे. आजी नातवंडांना सांभाळते हे त्यांनी नोंदवलं. नर कुत्रे पिल्लांभोवती राखण करतात हेही. आई दूध तोडू लागली की पिल्लं शेजारच्या दुसऱ्या ओल्या कुत्रीचं दूध चोरून पितात, ही तर मला फार आवडलेली नोंद. त्यांच्याच २०१६ च्या अभ्यासातला आकडा मात्र वाचवत नाही. ९५ वेतांतली ३६४ पिल्लं त्यांनी पाहिली. वयात येईपर्यंत त्यातली फक्त १९ टक्के जगली. आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता.

माणसाशी असलेलं पिल्लाचं नातंही याच आठवड्यांत ठरतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डॅनिएल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी उंच कुंपणाच्या शेतात पिल्लं माणसाची सावलीही न पडू देता वाढवली आणि वेगवेगळ्या वयाची काही पिल्लं एकेका आठवड्यासाठी माणसांत आणली. पाच-सात आठवड्यांची पिल्लं बघता बघता रुळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली मात्र रानटी जनावरासारखीच राहिली. १९६१ सालचा हा निष्कर्ष आज जगभर पिल्लं वाढवताना धरला जातो: तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत पिल्लाला जे प्रेमळ हात, जे आवाज, जी माणसं भेटतात, तीच त्याची जन्मभराची दुनिया होते.

म्हणून यंदा तुमच्या सोसायटीत किंवा वाड्यात कुत्री व्यायली, तर एवढं करा. कोरडं गोणपाट आणि वाऱ्याला आडोसा द्या. पिल्लांना हात लावण्याऐवजी आईला पोटभर खाऊ घाला. पाजणाऱ्या कुत्रीला एरवीच्या तिपटीपर्यंत अन्न लागतं, आणि तिने खाल्लं तर पिल्लं खातात. दुधातून आणि गर्भातूनच जंत येत असल्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून जंताचं औषध सुरू करा. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांवर रेबीजची. खेळताना दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू घरी न्यायचं असेल तर आठ आठवडे थांबा. आणि दूध तुटल्यावर आईची नसबंदी करून घ्या, म्हणजे पुढच्या भाद्रपदानंतर तिला हे सगळं पुन्हा एकटीने, थंडीत, रस्त्यावर करावं लागणार नाही.