म्हातारपणाची बेगमी

आपला शेतकरी बेगमीच्या बाबतीत निष्काळजी आहे असे कोणी म्हणणार नाही. मृगापूर्वी तो बियाणे निवडून ठेवतो, पावसाळ्यासाठी जळण साठवतो आणि उन्हाळ्यासाठी कडब्याची गंजी रचतो. परंतु जो काळ प्रत्येकाच्या वाट्याला निश्चित येणार आहे, त्या म्हातारपणाची बेगमी मात्र फार थोड्या घरांत केलेली आढळते. नोकरदाराला निवृत्तीचे वय असते. शेतकऱ्याला ते नसते. अंगात बळ असेतो कष्ट करावे आणि पुढे मुलांनी सांभाळावे, हीच रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

ही रीत आता पुरेशी राहिलेली नाही. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात 1970-71 साली दर खातेदारामागे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टरवर आली. एवढ्या जमिनीवर दोन पिढ्यांचा संसार चालणे कठीण. ज्या वृद्धाजवळ पुंजी नाही, त्याच्या घरी दुखणे आले की प्रथम जनावर विकले जाते, मग दागिना गहाण पडतो आणि शेवटी जमिनीचा तुकडा जातो. म्हातारपणाची बेगमी करणे म्हणजे एका अर्थी सातबारा राखणेच होय.

प्रथम कर्ज, मग बचत

पैसा किती वर्षांत दुप्पट होतो हे काढण्याचा एक सोपा आडाखा आहे. 72 या संख्येला व्याजाच्या दराने भागावे. शेकडा 7.1 दराने ठेवलेली रक्कम सुमारे 10 वर्षांत दुप्पट होते. उलट, सावकाराचे दरमहा शेकडा 3 रुपयांचे कर्ज थकले आणि व्याजावर व्याज चढू लागले, तर ते अवघ्या 24 महिन्यांत दुप्पट होते. म्हणून ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे, त्याने ठेवीचा विचार करण्यापूर्वी ते फेडावे. कोणतीही सुरक्षित ठेव वर्षाला शेकडा 36 व्याज देत नाही.

पीककर्जाची गोष्ट वेगळी आहे. किसान क्रेडिट कार्डावरील 3 लाखांपर्यंतच्या अल्पमुदत कर्जाला 2025-26 या वर्षी केंद्राच्या सवलतीनुसार 7 टक्के व्याज होते आणि मुदतीत परतफेड करणाऱ्यास ते 4 टक्केच पडे. मात्र ही सवलत मुदत पाळणाऱ्यासाठी आहे. पीककर्ज लग्नकार्यात खर्च करून थकबाकीदार होणे म्हणजे स्वस्त कर्ज आपल्या हाताने महाग करणे होय.

अडीअडचणीची पुंजी

कर्ज आटोक्यात आल्यावर एका हंगामाचे बियाणे-खत आणि सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम बँकेत अथवा पोस्टात वेगळी ठेवावी. पाऊस रुसला तरी या पुंजीमुळे सावकाराचा उंबरठा चढावा लागत नाही. बँकेत ठेवलेल्या रकमेला 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे. पतसंस्थांच्या ठेवींना नाही, हा भेद विसरू नये.

कर्त्या माणसाचा विमाही याच टप्प्यावर उतरवावा. 2015 साली सुरू झालेल्या दोन सरकारी योजनांपैकी जीवनज्योती विम्यात 18 ते 50 वर्षांच्या खातेदारास 2 लाखांचे संरक्षण मिळते. जून 2022 मध्ये त्याचा वार्षिक हप्ता 436 रुपये ठरला. सुरक्षा विमा अपघातापुरता असून त्याच वेळी त्याचा हप्ता 20 रुपये ठरविण्यात आला.

लवकर पेरावे, नेमाने पेरावे

दीर्घ मुदतीच्या बचतीत रकमेपेक्षा काळाला अधिक महत्त्व आहे. 1968 पासून चालत आलेल्या सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, उदाहरण घेऊ. याची मुदत 15 वर्षे असून पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढविता येते. वर्षाला किमान 500 रुपये भरले तरी खाते चालू राहते. व्याजाचा दर सरकार तिमाहीस ठरवते. एप्रिल 2020 पासून पुढे अनेक वर्षे तो 7.1 टक्के राहिला. महिन्याच्या 5 तारखेपर्यंत भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळते. म्हणून रब्बीचा माल विकून आलेल्या पैशातून एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांतच वर्षाचा हप्ता भरणे हिताचे असते.

समजा, एका शेतकऱ्याने 45 व्या वर्षापासून दरसाल 12,000 रुपये या दराने भरले. 60 व्या वर्षी त्याच्या हाती सुमारे 3 लाख 25 हजार येतील. दुसऱ्याने हाच हप्ता 30 व्या वर्षी सुरू केला, तर त्याच्या हाती सुमारे 12 लाख 36 हजार येतील. भरणा दुप्पट, फळ मात्र जवळजवळ चौपट.

पण येथे महागाईचाही हिशोब केला पाहिजे. महागाई दरसाल 5 टक्के धरली, तर तीस वर्षांनंतरचे 12 लाख 36 हजार आजच्या पावणेतीन-तीन लाखांइतकेच भरतात. यावर उपाय म्हणजे हप्ता तेवढाच न ठेवता दरवर्षी शेकडा 5 ने वाढविणे. तसे केल्यास तीस वर्षांनी आजच्या सुमारे 5 लाखांच्या मोलाची पुंजी उभी राहील.

12 सप्टेंबर 2019 रोजी सुरू झालेल्या किसान मानधन योजनेलाही हाच नियम लागू पडतो. 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने 18 ते 40 वर्षांच्या दरम्यान नाव नोंदवून वयानुसार दरमहा 55 ते 200 रुपये भरावयाचे, तितकेच केंद्र सरकार भरते आणि 60 वर्षांनंतर दरमहा 3,000 रुपये मिळतात. आधार चांगला आहे. परंतु 5 टक्के महागाईने तीस वर्षांनंतरच्या 3,000 रुपयांचे मोल आजच्या सुमारे 700 रुपयांइतके राहील. म्हणून त्यावरच विसंबू नये.

शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडांतून दीर्घकाळात अधिक वाढ मिळू शकते, पण तीत जोखीम आहे. 2008 साली सेन्सेक्स जानेवारीतील उच्चांकावरून ऑक्टोबरमध्ये निम्म्याहूनही खाली आला होता. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा तेथे कदापि गुंतवू नये.

किती पुंजी पुरेल?

अमेरिकेत 1994 साली विल्यम बेंगन यांनी तेथील शेअर व रोख्यांचा इतिहास तपासून दाखविले की पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के, व पुढे महागाईप्रमाणे वाढवीत रक्कम काढली, तर पुंजी 30 वर्षे पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पुंजी हवी. हा हिशोब तेथील बाजाराचा असल्याने आपण तो केवळ अंदाजासाठी वापरावा.

समजा, वृद्ध दांपत्याचा खर्च वर्षाला 90,000 रुपये आहे. जमीन नसेल तर त्यांना साडेबावीस लाख लागतील. पण मुलाने कसलेल्या जमिनीतून 70,000 रुपयांचा वाटा मिळत असेल, तर उरलेल्या 20,000 साठी 5 लाख पुरतात. जमीन हीच शेतकऱ्याची सर्वांत मोठी पुंजी आहे, ती अशी. जो ती राखतो आणि खर्च आवरतो, तो साठीच्या आधीही नांगर मुलाच्या हाती देऊ शकेल. मात्र हयातीत जमीन मुलांच्या नावे करावयाचीच असेल, तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करवून घेता येते.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पीक प्रात्यक्षिकाप्रमाणे जमाखर्चाच्या वहीचेही प्रात्यक्षिक द्यावे. प्रत्येक खात्यावर वारसाचे नामनिर्देशन झाले आहे काय, घरच्या बाईचे स्वतंत्र खाते आहे काय, हे विचारावे. थोड्या महिन्यांत दामदुप्पट देऊ म्हणणारा गावात आला, तर त्यास व्याजाचा हिशोब करून दाखवावा. वर्षात दुप्पट म्हणजे शेकडा 100 व्याज झाले. एवढे कोणता प्रामाणिक धंदा देईल? अनियंत्रित ठेव योजनांवर 2019 च्या कायद्याने बंदी आहे, हेही सांगावे.

यंदाच्या रब्बीचा माल विकला की पट्टीतून पहिला हप्ता म्हातारपणाचा काढावा आणि मगच बाकीचा खर्च करावा. बियाण्याचे पोते जसे खाण्याच्या धान्यात मिसळत नाहीत, तसाच हा पैसाही वेगळा राहिला पाहिजे.