रॅकेटसाठी एकर विकावा काय?

टेनिस हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे वाक्य आपल्याकडे इतके गुळगुळीत झाले आहे की त्यामागचा हिशेब कोणी तपासून पाहत नाही. श्रीमंतांचा म्हणजे नेमका किती श्रीमंतांचा? खर्च कोठे होतो, मिळकत कोठून येते, किती वर्षे थांबावे लागते? गरिबाच्या पोराने या खेळाकडे पाहूच नये, असे सांगणारे लोक या प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. आणि पाहावे, असे सांगणारे तर बहुधा फी घेणारेच असतात.

हा हिशेब मांडण्याची वेळ आमच्यावर आली ती हसनाबादच्या एका गृहस्थामुळे. भोकरदन तालुक्यातील हे बाजाराचे गाव. कपाशी, मका, सोयाबीन अशी पावसाच्या भरवशावरची शेती. त्या गृहस्थाची मुलगी शहरात मामाकडे शिकायला आहे. शाळेच्या मैदानावर ती टेनिस शिकली, चांगली खेळू लागली. एका खाजगी अकादमीने सांगितले की पोरीच्या हातात खेळ आहे, तिला पूर्ण वेळ आमच्याकडे टाका, चार-पाच वर्षांत ती व्यावसायिक खेळाडू होईल. फीचा आकडा ऐकून बाप अडीच एकरांतला एक एकर विकायला निघाला आणि खरेदीखताचा मसुदा करून घ्यायला आमच्याकडे आला. "वकीलसाहेब, टेनिसमध्ये लई पैसा हाये म्हणतेत. पोरगी मोठी झाली की दहा एकर घेईल," असे तो म्हणाला. मुलीवर एवढा विश्वास टाकणारा बाप आमच्या भागात रोज भेटत नाही. म्हणूनच त्याला खोटे सांगणे आम्हाला जमले नाही.

सुरुवात जवळच्या उदाहरणापासून करू. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे तालुक्याचे गाव. मुंबई नव्हे, पुणेही नव्हे. तेथे १९९४ साली जन्मलेली प्रार्थना ठोंबरे ही मराठी मुलगी व्यावसायिक टेनिस खेळते. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीत कांस्यपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती पुन्हा सानियाच्याच जोडीने उतरली. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. या जोडीने पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीशी तीन सेट झुंज दिली आणि निर्णायक सेट ५-७ असा गमावला. बार्शीसारख्या गावातून ऑलिम्पिकच्या कोर्टापर्यंत जाता येते, एवढे तरी यातून सिद्ध झाले. पण वाचकांनी पुढचेही पाहावे. ऑलिम्पिकनंतरच्या सकाळी या मुलीच्या दारात मोटार उभी राहिली नाही. ती पुन्हा छोट्या स्पर्धांच्या रांगेत उभी राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात बिली जीन किंग चषकात कोरियाविरुद्धची लढत १-१ अशी अडली होती. तेव्हा अंकिता रैनासोबत निर्णायक दुहेरी जिंकून देणारी हीच प्रार्थना होती. म्हणजे इंचॉनच्या पदकानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ही मुलगी टिकून आहे. हे टिकणे हीच या धंद्यातील सर्वात महाग वस्तू आहे.

महाग का, ते पाहू. व्यावसायिक टेनिसमध्ये संघ नाही, मालक नाही, मासिक पगार नाही. खेळाडू म्हणजे एकट्याचे दुकान. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वात खालच्या पायरीवरील स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम आज १५ हजार डॉलर असते. प्रार्थना या वाटेला लागली तेव्हा ती १० हजार होती. ही रक्कम एकाला मिळत नाही. मुख्य फेरीतील सर्वांत ती वाटली जाते. एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात आणि त्यातूनही कर कापला जातो. विमानाचे तिकीट, आठवड्याचे लॉज, जेवण, रॅकेटची तार बांधून घेण्याचा खर्च, हे सगळे त्याने स्वतः करायचे. पात्रता फेरीतच हरला तर बहुधा हात हलवत परत यायचे. दुहेरीत बक्षीस आणखी कमी, आणि तेही दोघांत वाटून.

त्यात गुणांचा नियम वेगळाच. स्पर्धेत मिळविलेले क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनंतर गळून पडतात. गेल्या वर्षी याच सुमारास जिंकलेले गुण यंदा पुन्हा जिंकले नाहीत, तर क्रमांक घसरतो. क्रमांक घसरला की मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही, आणि मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही म्हणजे पैसा नाही. गुडघा दुखावून सहा महिने घरी बसलेल्या मुलीची पायरी कोणी राखून ठेवत नाही. दुखापतीनंतर परतणाऱ्यांसाठी जुन्या क्रमांकाची काही सवलत आहे, पण तिचा उपयोग मोजक्याच स्पर्धांपुरता. आमच्या वकिलीतही पहिली काही वर्षे पक्षकार येत नाहीत. पण एकदा मिळालेली सनद दरवर्षी नव्याने जिंकावी लागत नाही!

हे आम्ही मनाने सांगत नाही. महासंघाने स्वतःच २०१३ च्या हंगामाचा आढावा घेतला, तेव्हा व्यावसायिक स्पर्धा खेळणारे १३ हजारांहून अधिक खेळाडू आढळले. त्यांपैकी हजारोंना वर्षभरात एक पैसाही बक्षीस मिळाले नव्हते. प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तरी महिला खेळाडूला वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास लागतात, आणि प्रशिक्षक वगळून खर्च भरून काढणारे खेळाडू साऱ्या जगात ३३६ पुरुष आणि २५३ महिला, असा तो हिशेब होता. त्यानंतर बक्षिसे वाढली. विमानाची तिकिटेही वाढली. सुमित नागलचे उदाहरण ताजे आहे. तो हरियाणातील शिक्षकाचा मुलगा. २०२३ मध्ये तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता आणि आपल्या खात्यात ९०० युरो उरले आहेत, असे त्याने जाहीरपणे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मानांकित खेळाडूला हरविले. त्याच वर्षी तो जगात ६८ व्या क्रमांकावर पोहोचला आणि २०२५ मध्ये पहिल्या शंभरातून पुन्हा बाहेर पडला. देशातल्या अव्वल खेळाडूची ही कथा. मग हसनाबादच्या एक एकराने किती वर्षे भागणार?

दुसरी वाट ऋतुजा भोसलेची. तिचा जन्म १९९६ साली श्रीरामपूरचा, वडील पोलीस अधिकारी. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. पहिला सेट २-६ असा गमावून. अमेरिकन विद्यापीठांत संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळू शकते. खेळ फसला तरी पदवी हातात राहते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. गुणवत्ता होती, परंतु बोटीचे तिकीट आणि महिन्याचा खर्च कोणीतरी उचलल्यावाचून ती न्यूयॉर्कला पोहोचली नसती. आज आपली मुले राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जातात, पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएच.डी.साठी आहे. अठराव्या वर्षी परदेशी विद्यापीठाच्या संघात जागा मिळवू शकणाऱ्या मागास समाजातील मुलीच्या ती कामाची नाही. आपल्या संघटनांनी या मुद्द्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता कोर्टाचा प्रश्न. आम्ही न्यायालयाच्या कोर्टाविषयी बोलत नाही, जाळी लावलेल्या कोर्टाविषयी बोलतो आहोत. दुहेरीचे कोर्ट ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद. भोवताली धावण्याची मोकळी जागा धरली तर १२० फूट बाय ६० फूट. गायरानाच्या दाव्यांत आम्हाला गुंठ्यांत मोजायची सवय, म्हणून हेही मोजून पाहिले. अवघे साडेसहा गुंठे! इंग्रजांच्या काळापासून ही साडेसहा गुंठे जागा जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या कुंपणाआड राहिली. त्या कुंपणाच्या आत कष्टकऱ्याचा मुलगा शिरला तो रूळ ओढायला किंवा चेंडू वेचायला. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची मशागत करता करता पळवणकर बाळू गोलंदाज झाले, ते याच दाराने.

अमेरिकेत वेगळे घडले नाही. रिचमंड शहरातील गोऱ्यांच्या कोर्टावर काळ्या मुलांना मज्जाव होता. आर्थर अॅश टेनिस शिकला, कारण त्याचे वडील काळ्यांसाठीच्या उद्यानाचे रखवालदार होते आणि कुटुंबाचे घर उद्यानातच, कोर्टाच्या शेजारी होते. पुढे वॉल्टर जॉन्सन नावाच्या एका काळ्या डॉक्टरने आपल्या घराच्या आवारातील कोर्टावर त्याला घडविले. त्याच डॉक्टरने त्याआधी अल्थिया गिब्सनला आधार दिला होता. अल्थियाने १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन जिंकले, परंतु तो हौशी खेळाचा काळ असल्याने बक्षिसाची रक्कमच नव्हती. अॅशने १९६८ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली तेव्हा तोही हौशी खेळाडूच होता. १४ हजार डॉलरचे बक्षीस हरलेल्याला मिळाले. अॅशचे पोट चालत होते ते लष्करातील अधिकाऱ्याच्या पगारावर.

पगारावरून आठवले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, तेथे धावू लागला आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्णविजेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे रेल्वेत तिकीट तपासनीस असताना २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचे ऑलिम्पिक कांस्य घेऊन आला. या दोघांच्या पाठीशी महिन्याचा पगार होता. टेनिसपटूला वर्षातले कितीतरी आठवडे देशोदेशी हिंडावे लागते. नोकरीचे हे गणित तेथे सहज जुळत नाही. राज्याच्या नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण जिल्ह्यात दोन सामने खेळले की नोकरी पक्की, हा निव्वळ गैरसमज. पदाच्या वर्गानुसार राज्य, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरील यश लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणाऱ्यांनी खऱ्या खेळाडूंचेही वाटोळे केले, हे वेगळे.

म्हणून आम्ही त्या गृहस्थाचा मसुदा केला नाही. मुलीचे टेनिस मात्र थांबवू नका, हेही सांगितले. शाळा सोडू नका. पूर्ण वेळ अकादमी आत्ता नको. मान्यताप्राप्त राज्य व राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धांत दोन वर्षे खेळवा, तेथे ती कोणाला हरवते ते पाहा. अकादमीचे कौतुक आणि स्पर्धेचा निकाल यांतला निकालच पुरावा म्हणून धरा. बापाला हे पटले की नाही, सांगता येत नाही. तो सातबारा परत घेऊन गेला.

राहता राहिला साडेसहा गुंठ्यांचा प्रश्न. २००१ च्या क्रीडा धोरणाने तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुल उभारण्याचे ठरविले. भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, अंबड येथील पालकांनी आपापल्या संकुलाबद्दल माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारावेत: आजवर किती निधी आला, तो कशावर खर्च झाला, कोणत्या खेळांची मैदाने प्रत्यक्ष वापरात आहेत, आणि शिकवायला कोण आहे. अर्जासोबत १० रुपये शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. न मिळाल्यास प्रथम अपिलाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.