मुकुटबनची माती आणि दूरचा किनारा

समुद्रकिनाऱ्याविषयीं बोलावयाचें आणि आरंभ यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबनपासून करावयाचा, हें श्रोत्यांना विसंगत वाटेल. दोन्ही समुद्रांपासून शेंकडों मैल दूर असलेल्या या गांवाचा खाऱ्या पाण्याशीं संबंध तो काय? वस्तुतः संबंध दुहेरी आहे. पहिला अतिप्राचीन. या परिसरांत जो चुनखडीचा दगड सांपडतो, तो कित्येक कोटी वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सांचलेला आहे. दुसरा संबंध आजचा, दर पावसाळ्यांत नव्यानें जुळणारा. आज विचार करावयाचा तो या दुसऱ्याचा.

मुकुटबनच्या शिवारांतील पावसाचें पाणी ओढ्यानाल्यांनीं पैनगंगा-वर्धेच्या प्रवाहांत जातें. पुढें वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरींत मिसळते. आणि राजमहेंद्रीच्या खालीं गोदावरी फांटे फोडून बंगालच्या उपसागरास मिळते. तेथील सपाट व सुपीक प्रदेश नदीनेंच रचलेला आहे. त्या भातखाचरांच्या तळाशीं विदर्भ-मराठवाड्याची मातीहि आहे. तेव्हां त्या किनाऱ्याची घडण समुद्रापाशीं नव्हे, तर आपल्या बांधांपाशीं सुरू होते.

नदीच्या मुखाशीं बनलेली अशी भूमि खडकासारखी स्थिर नसते. तिचा जमाखर्च रोज चालूं असतो. ओला गाळ स्वतःच्याच भारानें दबत जातो आणि जमीन हळूहळू खचते. शिवाय लाटा व प्रवाह कांठ कुरतडून नेतात. हा झाला खर्च. महापुराबरोबर येणारा नवा गाळ ही जमा. दोहोंचा मेळ बसला तर किनारा टिकतो. जमा अधिक असली तर भूमि समुद्रांत पुढें सरकते. आणि जमा आटली तर समुद्र आंत येतो.

गोदावरीच्या बाबतींत ही जमाच आटली आहे. पैठणचें जायकवाडी, तेलंगणांतील पोचंपाड, पैनगंगेवरील इसापूर, आणि २०१९ सालीं प्राणहितेच्या संगमाखालीं उभा राहिलेला मेडीगड्डा बंधारा, असे अनेक अडसर नदीच्या वाटेंत आले. वाहतें पाणी थांबलें कीं त्यांतील माती तळाशीं बसते, हें घरच्या गढूळ पाण्याच्या घागरींतहि दिसतें. १९७० नंतरच्या दशकांत गोदावरी जेवढा गाळ समुद्राकडे नेत होती, त्याच्या निम्म्याहूनहि कमी गाळ या शतकाच्या आरंभीं ती नेत होती. याचा परिणाम मुखाजवळच्या भूमीवर दिसतो. कांहीं ठिकाणीं समुद्रानें जमीन परत घेतली आहे. काकिनाड्याजवळील उप्पाडा गांवांत तर लाटांनीं घरें व रस्ताहि गिळला. तेथें कारणें एकाहून अधिक असलीं, तरी आटलेला गाळ हें त्यांतील एक.

येथें एक शंका साहजिक आहे. डोंगरउतारावरचीं झाडें तुटलीं, उतार नांगराखालीं आले, कोळशाच्या व चुनखडीच्या खाणींनीं भूमि उघडी पडली. तर माती अधिक वाहून किनाऱ्याचा लाभच व्हावयास हवा! पण तसें होत नाहीं. शेतांतून गेलेली माती पुष्कळशी वाटेंतील जलाशयांत अडकते. शेताचें कसदार कातडें जातें, जलाशयाची खोली जाते, आणि किनाऱ्याचा कांठहि जातो. एकाच मातीची ही तिहेरी हानि होय.

किनाऱ्यावर जे बदल झाले, त्यांनीं या हानींत भर घातली. नदीमुखाशीं कोरिंगा येथें खारफुटीचें विस्तीर्ण वन आहे. त्याचीं गुंतागुंतीचीं मुळें पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरून ठेवतात, वादळांत लाटांचा मारा सौम्य करतात. मासळीचीं व कोळंबीचीं पिलें तेथेंच वाढतात. परंतु १९९० च्या सुमारास आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांची लाट आली. भातापेक्षां एकरीं कितीतरी अधिक पैसा मिळूं लागला, तेव्हां खारफुटीची व भाताची जमीनहि तळ्यांखालीं गेली. शेजारच्या विहिरींत व शेतांत खार उतरला. १९९४-९५ सालीं रोगानें कोळंबी मेली, आणि कित्येक तळीं ओस पडलीं. ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें किनारा-नियमन क्षेत्रांतील अशीं तळीं हटविण्याचा हुकूम दिला. पुढें २००५ च्या कायद्यानें नोंदणी व नियम यांच्या बंधनांत या धंद्यास जागा मिळाली. पण खारावलेली जमीन कायद्याच्या एका ओळीनें गोड होत नाहीं.

यावरून धरणें व धंदे सर्वस्वीं वाईट, असा अर्थ कोणी काढूं नये. १८५२ सालीं सर आर्थर कॉटन यांनीं दवलेश्वरम् येथें बंधारा पुरा केला. त्यानेंच दुष्काळानें गांजलेला तो प्रदेश धान्याचें कोठार झाला. प्रश्न हिशेबाचा आहे. धरण बांधतांना आपण पाणी मोजतों, गाळ मोजत नाहीं. तळें खणतांना उत्पन्न मोजतों, खार मोजत नाहीं. उतारावर आडवे बांध घातले, माथ्यावर झाडें राखलीं, पुराच्या वेळीं शक्य तेथें खालच्या दारांनीं गाळ पुढें जाऊं दिला आणि खारफुटीस हात लावला नाहीं, तर हिशेब पुष्कळ अंशीं जुळेल.

पुढच्या पावसाळ्यांत गांवचा ओढा लाल-काळा होऊन वाहूं लागला, म्हणजे हें पाणी कोठें जातें, असें घरांतील मुलांस अवश्य विचारावें. उत्तर शोधतां शोधतां तीं आपोआप समुद्रापर्यंत पोंचतील.