सातबाऱ्याचे शेअर झाले तेव्हा

हडपसरच्या शिवाराला पाण्याची ददात नव्हती. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे शहर पार करून इथे येई आणि त्याच्या भरवशावर ऊस आणि भाजीपाला उभा राही. सोलापूर रस्त्याच्या उत्तरेला मगर घराण्याच्या जमिनींचा सलग पट्टा होता, तोच मगरपट्टा. आज तिथे मगरपट्टा सिटी आहे: घरं, शाळा, रुग्णालय, आयटी कंपन्यांच्या इमारती आणि मधोमध पंचवीस एकरांची बाग. असं पुण्याभोवती पुष्कळ ठिकाणी दिसेल. पण हे गाव ज्यांच्या जमिनीवर उभं राहिलं, ते शेतकरीच ते बांधणाऱ्या कंपनीचे मालक आहेत. मगरपट्ट्याचं खरं वैशिष्ट्य हे आहे.

गोष्ट सुरू होते नकाशावरच्या एका रंगापासून. पुण्याच्या विकास आराखड्याच्या 1982च्या मसुद्यात हा भाग भविष्यात शहरीकरण होणारा म्हणून दाखवला गेला. शेती चालू असताना शेतकऱ्याच्या डोक्यावर दोन टांगत्या तलवारी आल्या. एक भूसंपादनाची. दुसरी 1976च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची. या कायद्यानं पुण्यात मोकळ्या जमिनीची मर्यादा एक हजार चौरस मीटर ठेवली होती, म्हणजे जेमतेम दहा गुंठे. शेतीखालची जमीन त्यातून सुटत असे, पण आराखड्यात तिचा वापर शेतीऐवजी दुसरा ठरला की ही सवलत संपे. पिढ्यान् पिढ्या नांगरलेलं रान एका अधिसूचनेनं ‘अतिरिक्त’ ठरू शकत होतं.

यातून सुटायची एक वाट सगळ्यांच्या ओळखीची होती: जमीन विकून टाकायची. एजंट येतो, एका भावाचा हिस्सा घेतो, मग दुसऱ्याचा. हातात एकरकमी पैसा येतो. त्यातून लग्नं होतात, बंगला बांधला जातो, गाडी येते आणि काही वर्षांत घरात ना जमीन उरते ना पैसा. शहराच्या कडेच्या कितीतरी गावांनी हे सोसलं आहे. जमीन विकणाऱ्याला तिचा भाव एकदाच मिळतो. पुढे तो भाव कितीही वाढला, तरी त्या वाढीत त्याचा वाटा नसतो.

मगरपट्ट्यातल्या सुमारे 120 कुटुंबांनी ही वाट धरली नाही. त्यांच्यातले सतीश मगर हे कृषी पदवीधर. त्यांनी घरोघरी बसून मांडलेली कल्पना अशी, की जमीन विकायची नाही, सगळ्यांची एकत्र करायची आणि शहर आपणच बांधायचं. 1993 साली प्रस्ताव सरकारपुढे गेला. मंजुऱ्यांत वर्षं गेली आणि बांधकामाला हात लागला तो 2000च्या सुमारास. आराखडा केला वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी. कंपनी स्थापन झाली ती मगरपट्टा टाउनशिप डेव्हलपमेंट अँड कन्स्ट्रक्शन कंपनी. प्रत्येक कुटुंबाला जमिनीच्या प्रमाणात शेअर मिळाले.

हे ‘जमिनीच्या प्रमाणात’ लिहायला सोपं आहे. सगळ्यांची मिळून सुमारे चारशे एकर जमीन आणि 120 कुटुंबं म्हणजे सरासरी सव्वातीन एकरांहून थोडी जास्त, पण सरासरीनं कुणाचं घर चालत नाही. कुणाकडे गुंठ्यांत मोजावी अशी जमीन होती, कुणाकडे मोठा सलग तुकडा. सातबारा म्हटला की त्यावर आजोबांच्या नावापासून चुलत भावांपर्यंतची रांग येते, राहून गेलेले फेरफार येतात, तोंडी झालेल्या वाटण्या येतात. बांधावरून कोर्टात गेलेली घरं महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. अशा मातीत एवढ्या कुटुंबांनी एका कागदावर सही करावी, हे या प्रकल्पातलं सर्वांत अवघड काम मानायला हवं. बहुतेक जण एकाच आडनावाचे आणि एकमेकांच्या सोयरिकीतले होते, याचा तिथे नक्कीच उपयोग झाला.

शेअरचं मोल कळतं ते नियोजनाच्या टेबलावर. समजा, शंभर शेतकऱ्यांचे शंभर तुकडे आहेत आणि त्यांतून रस्ता न्यायचा आहे. ज्याच्या तुकड्यातून रस्ता जाईल तो बुडाला, ज्याच्या तुकड्याला तो लागेल तो तरला. बाग कुणाच्या रानात? सांडपाणी प्रक्रियेची टाकी कुणाच्या दारात? आपल्याकडच्या रस्त्यांना पडलेली अनाकलनीय वळणं अनेकदा याच भांडणांच्या खुणा असतात. नगररचना योजनेत यावर तोडगा आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेले भूखंड नव्यानं आखून मालकांना परत द्यायचे. मगरपट्टा त्याच्या एक पाऊल पुढे गेला. तिथे भूखंड परत द्यायचाच नव्हता. बाग कुणाच्या जुन्या वावरात आली आणि आयटीची इमारत कुणाच्या, याला अर्थच उरला नाही, कारण नफा सगळ्यांच्या शेअरवर येणार होता. अभियंत्याला उतार पाहून गटार नेता आलं, वाहतूक पाहून रस्ता आखता आला आणि इतकी मोठी बाग मोकळी ठेवता आली.

घरांवर पाणी तापवायची सौरयंत्रं आली, ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायची शिस्त आली आणि ओल्या कचऱ्यापासून गांडूळखत आणि बायोगॅस होऊ लागला. इमारतींच्या समूहांना नावं मिळाली फुलाझाडांची.

पैशांची रचनाही विचारपूर्वक होती. घरं विकली गेली, पण कार्यालयांच्या जागा बव्हंशी भाड्यानं दिल्या, म्हणजे पिकासारखं पुन:पुन्हा उत्पन्न येत राहावं. शेतकरी कुटुंबांतल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन बांधकामाची छोटी कंत्राटं, साहित्याचा पुरवठा, बागांची निगा अशी कामं दिली गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं ते एमआयडीसीनं संपादन केलेल्या जमिनीवर. तिथल्या शेतकऱ्याला मोबदला मिळाला. इथला शेतकरी भागीदार झाला.

तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा परिचय प्रामाणिक होणार नाही. शेअर मिळाले ते ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला. त्याच उसात खुरपणी-तोडणी करणाऱ्या मजुराच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून कंपनीतही त्याचं नाव नाही. पुढे कुणी हा नमुना उचलणार असेल, तर त्यानं मजुरांच्या हिश्श्याचा विचार पहिल्या बैठकीतच करावा, असं मनापासून वाटतं.

नमुना उचलला गेलाही. सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गावच्या शेतकऱ्यांनी मगरपट्ट्याच्याच मंडळींना सोबत घेऊन सुमारे सातशे एकरांवर नांदेड सिटी उभी केली. हे नांदेड मुठेच्या काठी, खडकवासल्याच्या जवळ आहे. ज्या उजव्या कालव्यानं मगरपट्ट्याचा ऊस पोसला, तो धरणातून निघून आधी याच बाजूनं वाहतो. मग स्वारगेट, हडपसर, लोणी मागे टाकत दौंड-इंदापूरच्या उसाकडे जातो.